आधी पत्ता, मग आजार

रात्री अकराला सांगलीत कुणाच्या छातीत कळ आली, तर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हे डोळे मिटून सांगता येतं. शेजारचे काका बनियनवरच गाडीची किल्ली घेऊन हजर होतात. सून फॅमिली डॉक्टरांना उठवते. पुतण्या म्हणतो, ‘तिकडे नको, आपल्या ओळखीचे आहेत तिथे नेऊ.’ कुणी डिपॉझिटच्या पैशांसाठी एटीएम गाठतं, कुणी चादर आणि पाण्याची बाटली घेऊन मागाहून येतं. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावते आहे, तरी अशा वेळी पहिला हात जातो तो माणसांकडे.

हीच कळ न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे राहायला आलेल्या आजोबांना आली, तर? सवय समुद्र ओलांडून बरोबर आलेली असते. पहिला फोन ओळखीच्या मराठी डॉक्टरांना, दुसरा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिसरा थेट पुण्यातल्या भावाला. डॉक्टर फोनवर एकच सांगतात, ‘९११ लावा.’ पण तोवर पंधरा मिनिटं गेलेली असतात. हृदय बंद पडलं आणि छाती दाबायला कुणीच सुरुवात केली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. पंधरा मिनिटांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

परदेशात तातडीची मदत मिळत नाही असं नाही. बहुतेक ठिकाणी ती आपल्याकडच्यापेक्षा लवकर आणि जास्त तयारीनिशी येते. फक्त ती ओळखीच्या वाटेने येत नाही, एका क्रमांकाच्या वाटेने येते. आणि त्या क्रमांकापलीकडच्या माणसाला आपण कोण, कुणाचे कोण, याच्याशी काडीचंही देणंघेणं नसतं. त्याला आधी पत्ता हवा असतो.

हा क्रमांक जन्माला आला तोच मुळी रांगेत ताटकळलेल्या एका फोनमुळे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. समोर राहणाऱ्या गृहस्थांनी अग्निशमन दलासाठी फोन उचलला, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा कॉल इतर कॉलच्या रांगेत पडून राहिला. चिडून त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, सरकारी चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. तो लावला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे, भोंगा वाजे, आणि ऑपरेटरला हातातलं काम टाकून तो कॉल घ्यावा लागे. अमेरिकेला मात्र असा एकच क्रमांक मिळायला १६ फेब्रुवारी १९६८ उजाडावं लागलं. तो पहिला ९११ न्यूयॉर्कात वाजला नाही, अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या लहानशा गावात वाजला. एटीअँडटी या बड्या कंपनीने घोषणा केली होती. तिच्याआधी नंबर लावण्याचा मान एका छोट्या टेलिफोन कंपनीने पटकावला.

नंबर आला म्हणून गाडीत बसलेला माणूस शिकलेला होता असं समजू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या दुकानदारांच्या होत्या. कारण साधं होतं. माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असे. शववाहिका आणि रुग्णवाहिका एकच, कधी कधी चालकही तोच. हे बदलण्यात पिट्सबर्गच्या काही तरुणांचा फार मोठा वाटा आहे. पीटर सफार हे भूलतज्ज्ञ, तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याच्या तंत्राचे एक जनक. १९६६ मध्ये त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना हाताशी धरलं, त्यांना महिनोन्महिने कसून शिकवलं आणि ‘फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सर्व्हिस’ उभी राहिली. श्वासनलिकेत नळी घालणं, हृदयाचा आलेख वाचणं ही कामं ही मुलं रस्त्यावर करत होती. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि यांना गुंडाळलं. आज पॅरामेडिक म्हणून जो माणूस दारात येतो त्याच्या शिक्षणाची मुळं तिथे आहेत. तेव्हा ‘डॉक्टर नाही आला, नुसता ॲम्ब्युलन्सवाला आला’ अशी कुरकुर आपल्या मंडळींनी करू नये हे बरं.

क्रमांकांचा घोळ मात्र आजही संपलेला नाही. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये ११२ हा समान क्रमांक ठरवला आणि आता तो संघाच्या सगळ्या देशांत चालतो. भारतानेही पुढे तोच उचलला. पण आखातात या. संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिका ९९८ वर आणि अग्निशमन ९९७ वर. शेजारच्या सौदीत नेमकं उलट, रेड क्रेसेंटची रुग्णवाहिका ९९७ वर आणि आगीसाठी ९९८, शिवाय रियाध, मक्का अशा काही प्रांतांत एकत्रित ९११. कुवेतमध्ये ११२, कतारमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९. दुबईहून दम्मामला बदली झालेला फिटर किंवा अकाउंटंट जुना नंबर डोक्यात घेऊन जातो आणि चुकतो. सिंगापूरला ९९५, जपानला ११९, चीनला १२०, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं. न्यूझीलंडमध्ये १११ म्हणजे जिवावर बेतलेला प्रसंग. तोच १११ इंग्लंडात म्हणजे ‘फार घाईचं नाही, पण सल्ला हवा’. ऑकलंडहून लंडनला गेलेल्याने हे लक्षात ठेवावं. मोबाइलवरून ११२ लावला तर पुष्कळ देशांत तो तिथल्या स्थानिक सेवेकडे वळतो, पण त्यावर विसंबण्यापेक्षा नव्या देशात उतरल्या दिवशी सिमकार्डाबरोबरच हा नंबरही घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये भरून टाकणं सोपं.

हॉटेलातल्या किंवा ऑफिसातल्या फोनची आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत केरी हंट या स्त्रीवर तिच्या विभक्त नवऱ्याने हल्ला केला. नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ लावला. लागला नाही, कारण बाहेरचा कॉल करायला आधी आणखी एक ९ दाबावा लागे, आणि हे त्या पोरीला कुणी सांगितलेलं नव्हतं. आई वाचली नाही. त्या मुलीच्या आजोबांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये ‘केरीज लॉ’ झाला. आता अमेरिकेत नव्याने बसवलेल्या अशा फोनवरून थेट ९११ लागलाच पाहिजे. जुन्या यंत्रणा मात्र अजून जागोजाग आहेत.

फोन लागला की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो ठिकाणाचा. आपल्याकडचा माणूस ‘हॅलो, अहो, माझ्या वडिलांना ना, संध्याकाळपासूनच जरा…’ अशी सुरुवात करतो. पलीकडचा त्याला तोडतो, आणि याला वाटतं, काय उद्धट आहे! त्यात उद्धटपणा काही नाही. फोन मध्येच तुटला तर निदान गाडी कुठे पाठवायची ते कळावं, एवढाच त्यामागचा विचार. घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंटचा नंबर, शहर. ‘सबवेच्या बाजूला, पेट्रोल पंपाच्या मागे’ ही खुणेची पद्धत तिथे चालत नाही. लेकीकडे तीन महिने राहूनही घराचा पत्ता पाठ नसलेले आई-वडील पुष्कळ असतात. कारण एकट्याने कुठे जाण्याचा प्रसंगच येत नाही. पत्ता, मुख्य दाराचा कोड आणि मुलीच्या ऑफिसचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला तर दिसायला बरं दिसत नाही, एवढाच काय तो तोटा.

फोनला ठिकाण आपोआप कळत नाही का? काही प्रमाणात कळतं. तातडीचा नंबर लावताच स्मार्टफोन स्वतःचं स्थान परस्पर पाठवतो ही सोय ब्रिटनमध्ये २०१४ च्या सुमारास आली आणि पुढे युरोपभर पसरली. पण ती सोय माणूस कोणत्या इमारतीत आहे एवढंच सांगू शकते; बारा मजल्यांपैकी कोणत्या, हे सांगेलच असं नाही. आणि अमेरिकेत एक खास खाचखळगा आहे. घरात नेटवर्क नीट येत नाही म्हणून अनेक जण फोनवर वाय-फाय कॉलिंग सुरू ठेवतात. ते सुरू करताना कंपनी एक पत्ता भरून घेते, आणि ९११ ला तोच पत्ता जाऊ शकतो. दोन वर्षांत तीन घरं बदलणारे आयटीतले नवरा-बायको हा पत्ता बदलायला हमखास विसरतात. मग हृदयविकार न्यू जर्सीत आणि पत्ता डॅलसचा. व्हॉट्सॲपवरून तर ९११ लागतच नाही, हे सांगायची वेळ येऊ नये. पण नुसतं व्हॉट्सॲप चालणारा, स्थानिक सिम नसलेला फोन हातात देऊन आई-वडिलांना दिवसभर घरी ठेवणारी मुलं आहेत.

पत्त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. श्वास चालू आहे का? शुद्धीवर आहे का? वय किती? रंग बदललाय का? इथे आपल्या माणसाचा तोल जातो. ‘अहो, आधी गाडी पाठवा, मग विचारा!’ गाडी बहुतेक वेळा निघालेलीच असते. प्रश्न विचारणारा एक आणि गाडी पाठवणारा दुसरा, दोघांच्या समोर एकच पडदा. ही ठरावीक प्रश्नांची पद्धत सॉल्ट लेक सिटीच्या जेफ क्लॉसन या डॉक्टरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. कार्डांवर लक्षणं, त्याखाली प्रश्न, आणि उत्तराप्रमाणे काय करायचं याच्या सूचना. म्हणून फोन ठेवायचा नसतो. छाती कुठे आणि कशी दाबायची, रक्त कसं थांबवायचं, हे पलीकडून मोजून मोजून सांगितलं जातं. दार उघडं ठेवा, पोर्चचा दिवा लावा, कुत्रा असेल तर बांधा, हेही.

जपानमध्ये पहिला प्रश्न ठिकाणाचाही नसतो. ११९ वर आग आणि आजार दोन्ही येतात, म्हणून आधी ‘आग की रुग्णवाहिका?’ असं विचारतात. ‘क्यूक्यू’ एवढं म्हणता आलं तरी भागतं. तिथे रुग्णवाहिकेचं बिल येत नाही. पण कोणतं रुग्णालय घ्यायला तयार आहे याची विचारपूस गाडीतले लोक घरासमोरच उभं राहून करतात, तेव्हा गाडी का हलत नाही म्हणून घाबरू नये.

गाडी न हलण्याचं यापेक्षा मोठं कारण फ्रान्स आणि जर्मनीत दिसतं. तातडीच्या वैद्यकात दोन घराणी आहेत. इंग्रज-अमेरिकी घराणं म्हणतं, शिकलेला पॅरामेडिक पाठवा, जेवढं अत्यावश्यक तेवढं करा आणि रुग्णालय गाठा. फ्रेंच-जर्मन घराणं म्हणतं, रुग्णालयच रुग्णाकडे न्या. फ्रान्समध्ये १५ लावला की ‘सामू’ या सेवेत फोनवरच डॉक्टर भेटतो आणि गरज वाटली तर डॉक्टरसकट गाडी येते. जर्मनीत ‘नोटार्झ्ट’ म्हणजे तातडीच्या उपचारांचा डॉक्टर वेगळ्या मोटारीतून येतो. तो तुमच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर, सलाइन लावून, आलेख काढून, अर्धा तास काम करत बसू शकतो. म्युनिकच्या फ्लॅटमध्ये उभे असलेले नातेवाईक मराठीत एकमेकांना विचारत असतात, ‘हे नेत का नाहीत?’ जगाने हीच शंका १९९७ मध्ये विचारली होती. पॅरिसच्या बोगद्यात प्रिन्सेस डायनाच्या गाडीला अपघात झाला तो मध्यरात्रीनंतर १२ वाजून २३ मिनिटांनी. रुग्णालयात ती पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. इंग्रजी वर्तमानपत्रांनी फ्रेंचांवर झोड उठवली. फ्रेंच डॉक्टर म्हणाले, आम्ही आमच्या पद्धतीप्रमाणेच वागलो. कोणतं घराणं श्रेष्ठ हा वाद अजून मिटलेला नाही; हृदय बंद पडलेल्या माणसाला जागेवरचे उपचार तारतात, पोटात रक्तस्राव होत असलेल्याला शस्त्रक्रियेचं टेबल. नातेवाइकांनी मात्र त्या अर्ध्या तासात ओढाताण करू नये.

त्या अर्ध्या तासात नातेवाइकांनी करण्यासारखं एक काम आहे: औषधांची यादी काढून देणं. इथे भारतीय घरांची सगळ्यात जास्त फजिती होते.

आजोबा म्हणतात, ‘मी इकोस्प्रिन घेतो, एक टेल्मा आणि शुगरची ग्लायकोमेट.’ ही तिन्ही नावं महाराष्ट्रातल्या कोणत्याही मेडिकलच्या दुकानात पोऱ्याही ओळखेल. बर्मिंगहॅम किंवा ह्यूस्टनच्या नर्सला त्यातून काहीच कळत नाही, कारण ही भारतीय कंपन्यांची ब्रँडनावं आहेत. तिला हवं असतं ॲस्पिरिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. बरं, पट्टी नीट वाचली तर तिथे ‘ग्लायकोमेट जीपी’ असतं. त्या दोन अक्षरांत ग्लिमेपिराइड हे दुसरं औषध दडलेलं आहे, जे जेवण चुकलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं. चक्कर येऊन पडलेल्या मधुमेह्याच्या बाबतीत डॉक्टरला नेमकं हेच कळायला हवं असतं. दम्याचं अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, पण अमेरिकेत त्याच औषधाला अल्ब्युटेरॉल म्हणतात. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं. नावं वेगळी म्हणून दोन्ही घेणारा माणूस यकृतावर दुप्पट भार टाकतो. गोळ्या डब्यात सुट्या करून आणण्याची आपली पद्धत इथे नडते. पट्टी फेकू नये, निदान तिच्या मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये ठेवावा.

काढे, चूर्णं, मात्रा हेही सांगायचं असतं. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून आजी ते लपवतात. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यामुळे पोटदुखी आणि रक्तक्षय घेऊन आलेल्या भारतीय रुग्णाला तिथले डॉक्टर हा प्रश्न विचारतात, त्यात अपमान काही नाही.

आकडेही देशागणिक वेगळी भाषा बोलतात. भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर ज्या मापात सांगतात, ते ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात चालत नाही. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की त्यांचा आकडा मिळतो. म्हणजे आपली १८० त्यांची १०, आपली २५२ त्यांची १४. लीड्सच्या नर्सने ‘शुगर सोळा आहे’ म्हटल्यावर ‘फारच कमी झाली!’ म्हणून साखरेचं पाणी पाजायला निघालेल्या मावशी भेटू शकतात; ती सोळा म्हणजे आपली २८८. तापही तिथे सेल्सियसमध्ये, ३९ म्हणजे आपला १०२.

अर्धांगाच्या झटक्यात तर एकाच आकड्यावर सगळं ठरतं. ‘शेवटचे ठीक कधी दिसले होते?’ हा प्रश्न तीन जण तीनदा विचारतील. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं ते त्या क्षणापासून, लक्षण लक्षात आल्यापासून नव्हे. ‘सकाळी उठले तेव्हापासून बोलणं जड होतं’ याचा अर्थ डॉक्टरच्या हिशेबी रात्री झोपायला गेले तेव्हापासून.

भाषेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला रुग्णाच्या भाषेत दुभाषा फुकट पुरवावा लागतो. हा दुभाषा बहुधा फोनवर किंवा टॅबलेटच्या पडद्यावर असतो. या धंद्याची सुरुवात १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेला, व्हिएतनामी निर्वासितांशी पोलिसांना बोलता यावं म्हणून झाली. आज अशा सेवांच्या यादीत मराठीही आहे. ऑस्ट्रेलियात सरकारची दुभाषा सेवा १९७३ पासून चालते. ‘माझा नातू सांगेल ना’ असं म्हणून बारा वर्षांच्या पोराला मध्ये घालू नये, आणि अमेरिकेतले नियमही साधारणपणे त्याला मनाई करतात. आजीच्या अंगावरून जास्त जातंय हे त्या नातवाने डॉक्टरला सांगायचं, आणि गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरांनी त्याच्या तोंडून आजीला, ही दोघांचीही शिक्षा आहे.

मग येतो रुग्णालयातला थांबण्याचा प्रकार. इथे भारतातून आलेला सुशिक्षित माणूसही भडकतो. हात मोडलाय, ठणका लागलाय, आणि चार तास बाकड्यावर. मागाहून आलेला माणूस चालत आत जातो. परिचारिकेने दोन मिनिटांत घेतलेली माहिती ही नुसती नोंदणी नसते. तिथे क्रम लागतो. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद लॅरे यांनी जखमींची निवड हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून करायचा पायंडा पाडला, त्याचंच हे आजचं रूप. ब्रिटनमध्ये पाच रंग, अमेरिकेत पाच पायऱ्या. किती दुखतंय यापेक्षा किती लवकर मरू शकतो, याला तिथे महत्त्व. मध्येच घाम फुटला, श्वास लागला, बधिरपणा वाढला, तर मात्र उठून पुन्हा सांगायलाच हवं. संकोच करत बसून राहणारे रुग्ण हे आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा जास्त धोक्यात असतात.

ज्याला एवढी घाई नाही त्याच्यासाठी वेगळी दारं आहेत. इंग्लंडचा १११, जर्मनीचा ११६११७, अमेरिकेतली अर्जंट केअरची दवाखानावजा दुकानं. मुलाला ताप आणि कानदुखी असेल तर तिकडे जावं, पैसेही वाचतात.

पैशांचा विषय उशिरा काढला, पण घरात तो पहिल्याच मिनिटाला निघतो. ‘ॲम्ब्युलन्सचं बिल किती येईल?’ म्हणून लोक छातीत दुखत असताना उबर बोलावतात, आणि अमेरिकेत ही भीती निराधार नाही. रुग्णवाहिकेचं बिल शेकडो डॉलरपासून हजारांच्या घरात जातं. अनपेक्षित बिलांपासून वाचवणारा २०२२ पासूनचा केंद्रीय कायदा विमानी रुग्णवाहिकेला लागू आहे, रस्त्यावरच्या गाडीला नाही. तरी दोन गोष्टी बहुतेक भारतीयांना ठाऊक नसतात. १९८६ च्या कायद्याप्रमाणे तातडीचा विभाग असलेल्या जवळपास कोणत्याही रुग्णालयाला आलेल्या माणसाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. विमा, व्हिसा, खिसा काहीही न पाहता. डिपॉझिट भरल्याशिवाय हात लावणार नाही, हे तिथे चालत नाही. दुसरं, ना-नफा रुग्णालयांना गरजूंसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवणं बंधनकारक आहे. बिल आलं की आधी तपशीलवार बिल मागावं, सवलतीचा अर्ज मागावा, मग हप्ते बोलावेत. पहिल्याच पाकिटातला आकडा पाहून क्रेडिट कार्ड काढणं हा भाबडेपणा आहे.

भेटीला येणाऱ्या आई-वडिलांचा विमा हे खरं दुखणं. स्वस्त पॉलिसी बहुतेक वेळा ठरावीक रकमेची असते: आयसीयूच्या एका दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, बाकी तुमचं. महागडी पॉलिसी टक्केवारीने भरते. आणि दोन्हींत जुना आजार वगळलेला असतो. ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका’ भरून मिळेल असं कलम असतं, पण त्याला वयाची अट असते, अनेक पॉलिसींत चोवीस तासांच्या आत उपचार सुरू व्हायची अट असते, आणि बीपी-मधुमेहाच्या माणसाचा कोणता हृदयविकार ‘अचानक’ मानायचा हे कंपनी ठरवते. शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोंचं कवच दाखवावं लागतं, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्तीच नाही. म्हणून कित्येक जण काहीच न घेता विमानात बसतात.

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला जाणारा व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरतो. २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६. पाहुण्या आई-वडिलांनी तो भरलेला नसतो. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातले उपचार त्यांनाही फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की मीटर पडतं, आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट. दुबईत नोकरदाराचा विमा मालकाने काढणं २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतही तशी सक्ती आली. भारतातून ईसीआर शिक्क्याच्या (म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टवर जाणाऱ्या कामगारासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीनला ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. रत्नागिरीहून आखातात जाणाऱ्याच्या घरी या पॉलिसीची प्रत ठेवलेली असावी. ती बहुधा एजंटकडे राहते.

भारतीय दूतावास रुग्णालयाचं बिल भरून टाकतो असा एक समज आहे. २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आता प्रत्येक वकिलातीकडे असतो खरा. त्यातून तातडीच्या उपचारांना, परतीच्या तिकिटाला आणि वेळ आली तर पार्थिव मायदेशी पाठवायला मदत होते; पण ती आर्थिक स्थिती पाहून, अडलेल्यांनाच. आयटीतल्या पगारदाराने त्यावर विसंबू नये. दूतावासाचा खरा उपयोग कागदपत्रांना, स्थानिक यंत्रणेशी बोलायला आणि भारतातल्या घरच्यांना खरी माहिती द्यायला होतो.

कारण घरच्यांना माहिती मिळणं हेच अवघड असतं. रुग्णाच्या गोपनीयतेच्या नियमांमुळे रुग्णालय रूममेटला काही सांगत नाही, कोल्हापुरातल्या मामांना फोनवर तर नाहीच. २००५ मध्ये केंब्रिजच्या बॉब ब्रॉची या पॅरामेडिकने सुचवलं होतं की लोकांनी मोबाइलमध्ये ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’) या नावाने जवळच्या माणसाचा नंबर ठेवावा. त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही कल्पना जगभर गेली. आता फोनचं कुलूप न उघडता दिसणारा वैद्यकीय माहितीचा रकाना असतो. तो रिकामा असतो, बहुतेकांचा.

आणि मुलगा दोन दिवस फोनच उचलत नसेल तर? नाशिकहून ९११ लावून उपयोग नाही, तो कॉल सिॲटलला जाणार नाही. सिॲटलच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर शोधून, देशाचा कोड लावून फोन करायचा आणि ‘वेल्फेअर चेक’ हवाय म्हणायचं. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फ्लॅटसकट पत्ता, गाडी असेल तर तिचा नंबर. पोलीस जाऊन दार ठोठावतात आणि कळवतात. विद्यार्थी असेल तर विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आणि परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय, हे दोन्ही त्याहून जवळचे.

जायची वेळ आली तर व्हिसा. अमेरिकी वकिलातीत तातडीच्या भेटीची सोय आहे: आधी फी भरून मिळेल ती तारीख घ्यायची, मग ती अलीकडे आणण्याची विनंती करायची, सोबत रुग्णालयाचं पत्र जोडायचं. त्या पत्रात रुग्णाची स्थिती, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि फोन हवाच. नुसतं ‘दाखल आहे’ पुरत नाही. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या एका कुटुंबाची ही धावपळ वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचली. अमेरिकेत शिकणारी मुलगी अपघातानंतर अतिदक्षता विभागात, वडील इथे व्हिसाच्या तारखेसाठी हेलपाटे घालताहेत; अखेर परराष्ट्र मंत्रालयाने शब्द टाकला, तेव्हा अपघातानंतर दोन आठवड्यांनी मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची वेळ मिळाली. मूल परदेशी गेलं की घरातल्या निदान एकाचा पासपोर्ट तयार हवा, आणि जमलं तर व्हिसाही. तो आणीबाणीत काढायला गेलं की अर्जाच्या रांगेत सगळेच आणीबाणीतले असतात.